फेअरबँक्समधील सार्वजनिक शाळा व उच्च शिक्षण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी अलास्का राज्याच्या मध्यभागी फेअरबँक्स हे लहान शहर आहे. लोकसंख्या ३२,५१५ (२०२०). चीना नदी टॅनना नदीस मिळते त्या परिसरात, सु. ६४° ५०′ उत्तर अक्षांशावर ते वसले असून आर्क्टिक वृत्त तेथून उत्तरेस सु. १९० किमी.वर आहे. जानेवारीतील सरासरी तापमान −२२° से.च्या आसपास असते व डिसेंबरच्या अखेरीस दिवस पावणेचार तासांपेक्षाही लहान होतो. अशा ठिकाणी, मूळची सोन्याच्या शोधार्थ आलेल्यांची वसाहत असलेल्या गावात, नगराच्या स्थापनेपासून वीस वर्षांच्या आत नगराची शाळा व एक महाविद्यालय उभे राहिले. पुढे या महाविद्यालयाचे विद्यापीठ झाले आणि ध्रुवीय प्रदेशाच्या अभ्यासाचे ते एक जागतिक केंद्र बनले. येथील शिक्षणाचा इतिहास दोन कारणांनी लक्षणीय ठरतो : एक म्हणजे अस्थिर वसाहतीस स्थिर नगराचे रूप देण्यात शिक्षणसंस्थांनी घेतलेला वाटा, आणि दुसरे म्हणजे ‘सार्वजनिक’ या शब्दात कोणाचा समावेश होतो, या प्रश्नाची येथे झालेली दीर्घ उकल.

ब्रिटनमध्ये, आणि त्या वळणाने भारतातही, ‘पब्लिक स्कूल’ या संज्ञेने बहुधा सधन वर्गाची खाजगी निवासी शाळा सूचित होते. अमेरिकेत मात्र करांच्या उत्पन्नातून चालणारी, लोकनियुक्त मंडळाच्या देखरेखीखालील, विनामूल्य व धर्मसंस्थांपासून अलिप्त अशी शाळा म्हणजे सार्वजनिक शाळा होय. प्रस्तुत लेखात ही संज्ञा याच अर्थाने वापरली आहे.

पूर्वपीठिका : अलास्का हा प्रदेश अमेरिकेने १८६७ मध्ये रशियाकडून विकत घेतला. त्यानंतरच्या सु. सतरा वर्षांत तेथे मुलकी शासन नव्हते व शिक्षणाची शासकीय व्यवस्थाही नव्हती. जे काही शिक्षण होते, ते रशियन ऑर्थोडॉक्स चर्च व पुढे विविध प्रॉटेस्टंट मिशने यांच्या हाती होते. १८८४ च्या अधिनियमाने अलास्कास मुलकी शासन मिळाले. त्यात शालेय वयाच्या मुलांच्या शिक्षणाची तरतूद करण्याचे काम केंद्रीय अंतर्गत मंत्र्यांकडे सोपविले होते आणि वंशाचा विचार न करता ही तरतूद व्हावी, असे स्पष्ट नमूद केले होते. या कामासाठी पहिल्या वर्षी २५,००० डॉलर मंजूर झाले. १८८५ मध्ये शेल्डन जॅक्सन या प्रेसबिटेरियन धर्मोपदेशकाची शिक्षणप्रमुख म्हणून नियुक्ती झाली. मिशनांच्या साहाय्याने त्याने अनेक शाळा काढल्या. मूळ रहिवाशांची भाषा व जीवनपद्धती मागे टाकून त्यांना अमेरिकी समाजात सामावून घेणे, हे या शाळांचे उद्दिष्ट होते. तथापि कायद्याच्या दृष्टीने एकच शाळा सर्व मुलांसाठी होती, ही गोष्ट पुढील घडामोडी समजण्यासाठी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

नगराची स्थापना व पहिली शाळा : ई. टी. बार्नेट या व्यापाऱ्याने ऑगस्ट १९०१ मध्ये चीना नदीच्या काठी आपला माल उतरविला व तेथे एक ठाणे उभारले. जुलै १९०२ मध्ये फेलिक्स पेद्रो या मूळच्या इटालियन शोधकास जवळच्या टेकड्यांत सोने सापडले व माणसांचा ओघ सुरू झाला. जिल्हा न्यायाधीश जेम्स विकरशॅम यांच्या सूचनेवरून इंडियानाचे सिनेटर चार्ल्स फेअरबँक्स यांचे नाव या वसाहतीस देण्यात आले. १९०३ मध्ये विकरशॅम यांनी आपले न्यायालय ईगल येथून येथे हलविले व त्याच वर्षी नगरपालिका अस्तित्वात आली. सोने संपताच ओस पडणाऱ्या वसाहती अलास्कात व लगतच्या यूकॉन प्रदेशात अनेक होत्या. न्यायालय, तुरुंग, रुग्णालय व शाळा ज्या गावात उभी राहत, ते गाव टिकण्याचा संभव अधिक असे. हे येथील नगरप्रमुखांनी ओळखले होते. मे १९०६ च्या आगीत नगराचा मध्यभाग जळून गेला. त्यानंतर १९०७ मध्ये शाळेची मोठी लाकडी इमारत बांधण्यात आली. मद्यविक्री व अन्य व्यवसाय यांवरील परवाना-शुल्क हे अलास्कातील नगरांच्या शाळांचे एक महत्त्वाचे उत्पन्न होते. म्हणजे मुलांच्या शिक्षणाचा काही भार मद्यालयांच्या गल्ल्यावर पडत होता. १९०९ मध्ये एपिस्कोपल मिशनने येथे जॉर्ज सी. टॉमस स्मारक ग्रंथालय उघडले. ओंडक्यांनी बांधलेली ही लहानशी इमारत लवकरच एका महत्त्वाच्या प्रसंगाची साक्षीदार होणार होती.

दुहेरी शालेय व्यवस्था : सुवर्णशोधाच्या काळात गोऱ्या वसाहतवाल्यांची संख्या वाढली, तशी स्वतंत्र शाळांची मागणीही वाढली. २७ जानेवारी १९०५ रोजी संमत झालेल्या नेल्सन अधिनियमाने १८८४ चे धोरण उलटविले. या अधिनियमान्वये स्थापन होणाऱ्या शाळा गोरी मुले व ‘सुसंस्कृत जीवन’ जगणारी मिश्रवंशीय मुले यांच्यापुरत्या राखून ठेवण्यात आल्या. एस्किमो व इंडियन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मूळ रहिवाशांच्या मुलांचे शिक्षण केंद्रीय अंतर्गत मंत्र्यांकडेच राहिले. परिणामतः अलास्कात शाळांच्या दोन समांतर व्यवस्था निर्माण झाल्या : एक स्थानिक मंडळांची व दुसरी केंद्र शासनाच्या शिक्षण विभागाची. दुसरी व्यवस्था १९३१ मध्ये इंडियन व्यवहार विभागाकडे देण्यात आली.

‘सुसंस्कृत जीवन’ या शब्दांचा अर्थ कसा लावला जाई, हे सिटका येथील खटल्यावरून दिसून येते. रूडॉल्फ वॉल्टन हा ट्‌लिंगिट जमातीतील कारागीर स्वतःचे दुकान चालवीत असे व चर्चचा सभासद होता. त्याच्या दोन मिश्रवंशीय सावत्र मुलींना नगराच्या शाळेत प्रवेश नाकारण्यात आला. १९०८ मध्ये जिल्हा न्यायालयाने हा नकार उचित ठरविला. व्यवसाय, पोषाख व धर्म यांबरोबरच कुटुंबाचे आपल्या जमातीशी असलेले संबंध न्यायालयाने विचारात घेतले आणि ते तुटलेले नाहीत, हा मुद्दा निर्णायक ठरला. थोडक्यात, सार्वजनिक शाळेत बसण्यासाठी मुलाने आपल्या आप्तांपासून दुरावावे, अशी अपेक्षा होती. फेअरबँक्सच्या परिसरातील अथाबास्कन मुलांसाठी नेनाना येथील मिशनची वसतिशाळा (स्थापना १९०७) हा एक पर्याय होता. पण ती गावापासून दूर होती व तिची क्षमता मर्यादित होती.

जुलै १९१५ : या इतिहासातील अत्यंत अर्थपूर्ण घटना १९१५ च्या जुलै महिन्यातील तीन दिवसांत घडल्या. विकरशॅम हे १९०९ पासून काँग्रेसमध्ये अलास्काचे प्रतिनिधी होते. त्यांच्या प्रयत्नाने ४ मार्च १९१५ रोजी एक अधिनियम संमत झाला. त्यानुसार सर्वेक्षण झालेल्या जमिनींपैकी काही ठरावीक विभाग सार्वजनिक शाळांसाठी, तर टॅनना खोऱ्यातील काही विभाग कृषी महाविद्यालय व खनिकर्मविद्यालय यांच्यासाठी राखून ठेवण्यात आले. महाविद्यालयाची रीतसर स्थापना व्हावयाची होती, त्यासाठी पैसा मंजूर झालेला नव्हता. तरीही ४ जुलै १९१५ रोजी, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, नगराच्या पश्चिमेस काही किमी.वरील एका टेकाडावर विकरशॅम यांनी कोनशिला बसविली.

दुसऱ्याच दिवशी, ५ जुलै रोजी, टॉमस ग्रंथालयात टॅनना खोऱ्यातील अथाबास्कन प्रमुखांबरोबर विकरशॅम यांची बैठक सुरू झाली. ती दोन दिवस चालली. शासन बांधीत असलेल्या लोहमार्गामुळे गोऱ्या वसाहतवाल्यांचा लोंढा येईल व चांगल्या जमिनी जातील, तेव्हा राखीव प्रदेश अथवा वैयक्तिक भूखंड यांपैकी काहीतरी स्वीकारावे, असे विकरशॅम यांचे म्हणणे होते. प्रमुखांनी राखीव प्रदेशाची कल्पना नाकारली. एका जागी कोंडले गेल्यास ऋतुमानानुसार शिकार व मासेमारी करीत फिरण्याचे आपले जीवन संपुष्टात येईल, हे त्यांनी दुभाष्यामार्फत सांगितले. त्याच वेळी मुलांसाठी शाळा, हातास धंदा शिकविणारे शिक्षण, वैद्यकीय साहाय्य व रोजगार यांची मागणी त्यांनी केली. ज्यांना शिक्षण नको आहे असे गृहीत धरून नेल्सन अधिनियमाची विभागणी केली गेली होती, त्यांनीच शिक्षणाची मागणी लेखी इतिवृत्तात नोंदविली. ती मागणी कोनशिलेच्या समारंभाइतकीच जुनी आहे. मात्र तिची पूर्तता होण्यास दोन पिढ्या जाव्या लागल्या.

ज्या टेकाडावर कोनशिला बसविली गेली, त्याला अथाबास्कन लोक ट्रॉथ येड्ढा म्हणत. शिंबावंत कुलातील एका रानटी वनस्पतीची खाद्य मुळे (रानबटाटे) तेथे विपुल मिळत, त्यावरून हे नाव पडले. येथे शाळा होणार असे कळल्यावर वडीलधाऱ्यांनी ते टेकाड मुळे खणण्यासाठी वापरणे सोडून दिले व तेथे चांगला विचार आणि एकत्र काम होईल अशी आशा व्यक्त केली, असा वृत्तांत मिंटोचे परंपरागत प्रमुख पीटर जॉन (१९००–२००३) सांगत असत. या नावास २०१३ मध्ये अधिकृत भौगोलिक नाव म्हणून मान्यता मिळाली.

महाविद्यालयाची उभारणी : प्रादेशिक विधिमंडळाने १९१७ मध्ये अलास्का कृषी महाविद्यालय व खनिकर्मविद्यालय स्थापण्याचा कायदा केला आणि ६०,००० डॉलर मंजूर केले. युद्धकालीन महागाईत ही रक्कम अपुरी पडली व इमारत अपुरी राहिली. याच सुमारास फेअरबँक्सचा ऱ्हास होत होता. सहज मिळणारे सोने संपत आले होते. अनेक तरुण युद्धावर अथवा अन्यत्र कामावर गेले होते. १९१० मध्ये ३,५४१ असलेली लोकसंख्या १९२० मध्ये १,१५५ वर आली. ज्या गावाची दोन-तृतीयांश वस्ती दहा वर्षांत निघून गेली, तेथे महाविद्यालय काढणे अनेकांना अव्यवहार्य वाटले, यात नवल नाही. १९२१ मध्ये विधिमंडळाने आणखी पैसा दिला आणि माजी जिल्हा न्यायाधीश चार्ल्स बनेल यांची अध्यक्षपदी नियुक्ती झाली. १८ सप्टेंबर १९२२ रोजी सहा विद्यार्थी व सहा अध्यापक यांसह महाविद्यालय सुरू झाले. १९२३ च्या पहिल्या पदवीदान समारंभात एकच पदवीधर होता. १९२४ मध्ये पदवी घेणारी मार्गारेट म्यूरी ही येथील पहिली स्त्री-पदवीधर होय. पुढे वन्य प्रदेशांच्या संरक्षणाच्या चळवळीत तिने मोठे नाव मिळविले.

बनेल यांनी अठ्ठावीस वर्षे (१९२१–४९) ही संस्था सांभाळली. पैशाची चणचण, दूरचे अंतर व कडक हिवाळा यांना तोंड देत त्यांनी ती वाढविली. १९२३ मध्ये लोहमार्ग पुरा झाला आणि त्यानंतर यंत्रनौकांच्या साहाय्याने नदीतळातील सोने काढण्याचा मोठा उद्योग आला. त्यामुळे खनिकर्माच्या शिक्षणास प्रत्यक्ष उपयोग लाभला. सोने शोधणाऱ्यांसाठी अल्पमुदतीचे वर्ग काढण्यात आले. ऑटो गाइस्ट याने सेंट लॉरेन्स बेटावर व अन्यत्र जमविलेल्या पुरातत्त्वीय वस्तूंतून संग्रहालयाचा पाया घातला गेला. १ जुलै १९३५ रोजी या महाविद्यालयाचे अलास्का विद्यापीठात रूपांतर झाले. त्याच वर्षी फ्लोरा जेन हार्पर ही पदवी मिळविणारी मूळ रहिवाशांपैकी पहिली विद्यार्थिनी ठरली. ग्रंथालयातील बैठकीस तेव्हा वीस वर्षे झाली होती.

शहरातील शाळा : १९०७ ची लाकडी शाळा १९३२ मध्ये आगीत नष्ट झाली. तिच्या जागी १९३४ मध्ये काँक्रीटची भक्कम इमारत उभारण्यात आली. ‘मेन स्कूल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या इमारतीत अनेक वर्षे प्राथमिक व माध्यमिक वर्ग एकत्रच भरत. पुढे शाळा अन्यत्र गेल्यावर तेथे नगरपालिकेचे कार्यालय आले. जानेवारी १९३४ मध्ये येथे −५४° से. इतके नीचतम तापमान नोंदले गेले होते. केवळ थंडीमुळे शाळा बंद न ठेवण्याचा येथील परिपाठ प्रसिद्ध आहे, सु. −२९° से.पर्यंत मधल्या सुटीत मुलांना बाहेर खेळावयास सोडतात. हिवाळ्यात मुले अंधारात शाळेस येतात व तिन्हीसांजेस परततात. त्यामुळे शाळेची उबदार इमारत ही केवळ अध्यापनाची नव्हे, तर क्रीडा, नाटक, सभा व मतदान यांचीही जागा बनते.

वंशभेदावर आधारलेल्या प्रवेशाच्या नियमास दरम्यान तडे जाऊ लागले होते. १९२९ मध्ये केचिकान येथील एका खटल्यात, नगराच्या हद्दीत राहणाऱ्या मूळ रहिवाशांच्या मुलीस तेथील सार्वजनिक शाळेत प्रवेश देणे भाग आहे, असा निर्णय मिळाला. १९४५ मध्ये प्रादेशिक विधिमंडळाने सार्वजनिक ठिकाणच्या भेदभावास प्रतिबंध करणारा कायदा केला. तथापि दुहेरी व्यवस्था चालूच राहिली. केंद्रीय शाळांचे हस्तांतर क्रमाक्रमाने होत गेले आणि ते १९८५ च्या सुमारास पुरे झाले.

दुसऱ्या महायुद्धात येथे लॅड व आयल्सन हे विमानतळ उभारले गेले आणि शहराचे स्वरूप पालटले. १९४० मध्ये ३,४५५ असलेली लोकसंख्या १९६० मध्ये १३,३११ झाली. सैनिकांच्या कुटुंबांमुळे विद्यार्थिसंख्या वाढली. मात्र लष्करी मालमत्तेवर स्थानिक कर बसविता येत नसल्याने शाळांस केंद्र शासनाच्या अनुदानावर अवलंबून राहावे लागले. लेथ्रॉप माध्यमिक शाळा १९५० नंतरच्या दशकात सुरू झाली. १९६४ मध्ये फेअरबँक्स नॉर्थ स्टार बरो हे जिल्हासदृश स्थानिक शासन अस्तित्वात आले व नगराच्या शाळा त्याच्या कक्षेत गेल्या. शाळांचा कारभार निर्वाचित शिक्षण मंडळ पाहते. स्थानिक करांतून किती रक्कम द्यावयाची, हे मात्र बरोची सभा ठरविते. खर्चाची योजना एकाने करावयाची व पैसा दुसऱ्याने द्यावयाचा, या विभागणीमुळे दरवर्षी अंदाजपत्रकाच्या वेळी वाद होतात.

संविधान सभा : ८ नोव्हेंबर १९५५ ते ६ फेब्रुवारी १९५६ या काळात अलास्काच्या भावी राज्याचे संविधान तयार करण्यासाठी ५५ प्रतिनिधींची सभा विद्यापीठाच्या आवारात भरली. राजधानी जूनो येथील राजकीय हितसंबंधांपासून दूर व ग्रंथालय जवळ असावे, हा स्थाननिवडीमागील हेतू होता. विद्यार्थिसंघाच्या ज्या नव्या इमारतीत सभा भरली, तिला पुढे संविधान भवन असे नाव मिळाले. प्रतिनिधींत स्त्रिया सहा होत्या. मूळ रहिवाशांपैकी मात्र फ्रँक पेराट्रोविच हे एकटेच होते.

संविधानाच्या सातव्या अनुच्छेदाने सार्वजनिक शाळांची व्यवस्था राखण्याचे बंधन विधिमंडळावर घातले आणि ती राज्यातील सर्व मुलांस खुली राहील असे ठरविले. शाळा सांप्रदायिक नियंत्रणापासून मुक्त असाव्यात आणि धार्मिक वा खाजगी शिक्षणसंस्थांच्या थेट लाभासाठी सार्वजनिक पैसा वापरू नये, अशीही तरतूद केली. अलास्का विद्यापीठास राज्य विद्यापीठ म्हणून संविधानात स्थान मिळाले व त्याचा कारभार राज्यपालांनी नेमलेल्या आणि विधिमंडळाने संमती दिलेल्या नियामक मंडळाकडे सोपविण्यात आला. ३ जानेवारी १९५९ रोजी अलास्का राज्य झाले व हे संविधान अंमलात आले. १८८४ मध्ये लिहिलेले व १९०५ मध्ये पुसलेले तत्त्व अशा रीतीने पुन्हा प्रस्थापित झाले. ते प्रत्यक्षात उतरविणे हे काम शिल्लक होते.

संशोधन व शैक्षणिक स्वातंत्र्य : फेअरबँक्स हे ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्याखाली येत असल्याने त्याच्या अभ्यासास अत्यंत अनुकूल आहे. काँग्रेसने १९४६ मध्ये केलेल्या कायद्याने येथे भूभौतिकी संस्थेची स्थापना झाली. सिडनी चॅपमन हे विख्यात ब्रिटिश भूभौतिकीविज्ञ १९५१ पासून या संस्थेशी निगडित होते. आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या (१९५७–५८) संयोजन समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. त्यांचे शिष्य स्युन-इची अकासोफू यांनी १९६४ मध्ये ध्रुवीय प्रकाशाच्या उपवादळांचे वर्णन प्रसिद्ध केले. ते या विषयातील मूलभूत कार्य मानले जाते. शहराच्या ईशान्येस सु. ५० किमी.वरील पोकर फ्लॅट येथे १९६० नंतरच्या दशकाअखेर अग्निबाण सोडण्याचे केंद्र उभारले गेले. विद्यापीठाच्या मालकीचे असे केंद्र अन्यत्र क्वचितच आढळते.

याच काळात विद्यापीठाच्या सचोटीची कसोटी पाहणारा प्रसंग घडला. अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने १९५८ मध्ये वायव्य अलास्कातील केप टॉमसन येथे अणुस्फोटांनी बंदर खोदण्याची योजना (प्रोजेक्ट चॅरिअट) मांडली. त्या परिसराचे पर्यावरणीय सर्वेक्षण करण्याचे काम विद्यापीठाकडे आले. लेस्ली व्हीरेक व विल्यम प्रूइट या जीववैज्ञानिकांनी आपल्या निष्कर्षांच्या आधारे योजनेच्या धोक्यांकडे लक्ष वेधले. शैवाकावर (लायकेनवर) साचणारी किरणोत्सर्गी धूळ कॅरिबूच्या व त्याचे मांस खाणाऱ्या माणसांच्या शरीरात जाऊ शकते, हा त्यातील महत्त्वाचा मुद्दा होता. नजीकच्या पॉइंट होप गावातील रहिवाशांचाही योजनेस तीव्र विरोध होता. आयोगाने १९६२ मध्ये योजना बाजूस ठेवली. तथापि व्हीरेक यांना विद्यापीठातील काम गमवावे लागले व प्रूइट यांची नेमणूक पुढे चालू ठेवण्यात आली नाही. त्यांना अखेर कॅनडात जावे लागले. १९९३ मध्ये विद्यापीठाने दोघांनाही सन्माननीय डॉक्टरेट दिली. हा प्रसंग स्थानिक वादापुरता मर्यादित नव्हता. सार्वजनिक पैशावर चालणारे विद्यापीठ शासनाचे उत्तरदायी असते की जनतेचे, हा प्रश्न त्यातून पुढे आला. या विरोधातून मूळ रहिवाशांची संघटित जागृती वाढली. पॉइंट होपचे हॉवर्ड रॉक यांनी १९६२ मध्ये फेअरबँक्स येथून टंड्रा टाइम्स हे वृत्तपत्र सुरू केले.

खेड्यांतील विद्यार्थी व भाषा : राज्यनिर्मितीनंतरही बहुतेक खेड्यांत माध्यमिक शाळा नव्हत्या. पुढे शिकू इच्छिणाऱ्या मुलांना सिटकाजवळील माउंट एजकुंब येथे, अथवा ऑरेगन व ओक्लाहोमा यांसारख्या हजारो किमी. दूरच्या राज्यांतील वसतिशाळांत जावे लागे. १९६० नंतरच्या दशकात काही मुलांना फेअरबँक्ससारख्या शहरांत अपरिचित कुटुंबांकडे ठेवून तेथील शाळांत पाठविण्याची योजना निघाली. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना वर्षातील नऊ महिने घर, भाषा व आहार यांपासून दूर राहावे लागे. अनेक मुले शिक्षण अर्धवट सोडून परत जात. १९७२ मध्ये मॉली हूच या विद्यार्थिनीच्या नावाने ओळखला जाणारा खटला राज्याविरुद्ध दाखल झाला. १९७६ मध्ये उभयपक्षी मान्य झालेल्या निवाड्यानुसार राज्याने १२६ खेड्यांत माध्यमिक शिक्षणाची सोय करण्याचे मान्य केले. सर्व मुलांस खुली शाळा याचा अर्थ मुलाच्या घराजवळची शाळा असा काही अंशी तरी मान्य झाला.

विद्यापीठातही बदल झाले. १९७२ मध्ये विधिमंडळाच्या कायद्याने येथे अलास्का मूळ भाषा केंद्र स्थापन झाले. मायकेल क्राउस यांच्या नेतृत्वाखाली केंद्राने अलास्कातील वीस मूळ भाषांचे नकाशे, कोश व व्याकरणे तयार करण्याचे कार्य हाती घेतले. ज्या भाषा शाळेत बोलल्याबद्दल पूर्वी मुलांस शिक्षा होई, त्यांचे अध्यापन आता विद्यापीठात होऊ लागले. वेळ मात्र थोडा उरला होता. ईयाक भाषा मातृभाषा म्हणून बोलणारी अखेरची व्यक्ती २००८ मध्ये निधन पावली. २०१४ मध्ये राज्याने इंग्रजीबरोबरच वीस मूळ भाषांना अधिकृत भाषांचा दर्जा दिला. या निर्णयाचे स्वरूप मुख्यतः प्रतीकात्मक आहे.

तेल व अर्थकारण : प्रूडो उपसागराजवळ १९६८ मध्ये तेल सापडले. तेलनळाच्या बांधकामकाळात (१९७४–७७) फेअरबँक्समध्ये लोकांची इतकी गर्दी झाली की, माध्यमिक शाळा दोन पाळ्यांत चालवाव्या लागल्या. १९७६ मध्ये वेस्ट व्हॅली ही दुसरी मोठी माध्यमिक शाळा सुरू झाल्यावर हा ताण कमी झाला. तेलाचे उत्पन्न वाढताच राज्याने १९८० मध्ये वैयक्तिक प्राप्तिकर रद्द केला. त्यामुळे शाळा व विद्यापीठ यांचा खर्च तेलाच्या किमतीशी बांधला गेला. १९८६ मध्ये किमती कोसळल्यावर विद्यापीठास मोठी काटकसर करावी लागली व १९८७ मध्ये सामुदायिक महाविद्यालये विद्यापीठात विलीन करण्यात आली. तत्पूर्वी, १९७५ मध्ये, राज्यव्यापी पुनर्रचना होऊन फेअरबँक्स, अँकरिज व जूनो अशी विद्यापीठाची तीन प्रमुख केंद्रे झाली होती. फेअरबँक्स केंद्राच्या कक्षेत बेथेल, नोम, कॉटझबू, डिलिंगहॅम इ. दूरच्या ठिकाणची उपकेंद्रे येतात.

२०१९ मध्ये राज्यपालांनी विद्यापीठाच्या राज्य-अनुदानात सु. १३ कोटी डॉलरची, म्हणजे सु. ४१ टक्के, कपात केली. नियामक मंडळाने आर्थिक आणीबाणी घोषित केली. लोकांच्या तीव्र प्रतिक्रियेनंतर तडजोड होऊन ही कपात तीन वर्षांत ७ कोटी डॉलर एवढी ठरली. तरीही अनेक अभ्यासक्रम बंद झाले. २०२० नंतर विद्यार्थिसंख्येतील घट व अपुरा निधी यांमुळे बरोच्या शिक्षण मंडळाने काही प्राथमिक शाळाही बंद केल्या. ज्या शहराने अवघ्या हजार-बाराशे वस्तीत महाविद्यालय उभारले, त्याच शहरात सु. शंभर वर्षांनंतर, कितीतरी अधिक संपत्ती असताना, शाळा परवडते काय असा प्रश्न विचारला जाऊ लागला, हा विरोधाभास अभ्यासकांच्या नजरेतून सुटत नाही.

मूल्यमापन : फेअरबँक्समध्ये शिक्षणसंस्था वस्तीच्या मागोमाग आल्या असे नव्हे, तर बऱ्याच अंशी त्यांनी वस्ती टिकवून धरली. सोने, युद्ध व तेल यांच्या लाटा आल्या आणि ओसरल्या; शाळा व विद्यापीठ मात्र राहिले. या यशाचे श्रेय विकरशॅम, बनेल यांसारख्या दूरदर्शी व्यक्तींना व करदात्या नागरिकांना निःसंशय द्यावे लागते. तथापि त्यांनी उभारलेली संस्था प्रथमतः सर्वांची नव्हती. ती सर्वांची व्हावी, ही मागणी १९१५ मध्ये ग्रंथालयात जमलेल्या अथाबास्कन प्रमुखांनी केली. न्यायालयात गेलेल्या पालकांनी व विद्यार्थ्यांनी ती पुढे नेली. संविधानाने तिला शब्दरूप दिले. शाळेस ‘सार्वजनिक’ म्हटल्याने ती सार्वजनिक होत नाही. तिचे दार कोणासाठी उघडते, ती मुलाच्या घरापासून किती दूर आहे, तेथे त्याच्या भाषेस काय स्थान आहे आणि तिच्यासाठी समाज किती कर देण्यास तयार आहे, या चार गोष्टींवर ते ठरते. उत्तरेकडील या लहान शहराच्या शंभराहून अधिक वर्षांच्या इतिहासात या चारही प्रश्नांची उत्तरे एकेक करून द्यावी लागली. त्यांपैकी शेवटचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही.